नॅनोतंतूंच्या जाळीवर दृष्टिपटलाच्या पेशी : सात महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

महापे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत गेल्या सात महिन्यांत नॅनोतंतूंच्या इन्सर्टच्या (म्हणजे पेशी वाढवण्यासाठी तळाला बारीक तंतूंची जाळी लावलेल्या छोट्या वाट्यांच्या) नऊ डब्या वापरून झाल्या आणि दहावी मागवायची की नाही हे ठरवण्याची वेळ आली, म्हणून हे परीक्षण लिहिते आहे. उत्पादन भारतीय बनावटीचे आहे. उत्पादकाचे आणि वितरकाचे नाव मी मुद्दामच घेत नाही, कारण पुढे जी तक्रार मांडणार आहे तिचा निकाल अजून लागलेला नाही. पेशीसंवर्धनाचे काम करणाऱ्यांना वर्णनावरून जे समजायचे ते समजेलच. परंतु ज्यांच्या घरात कोणाला पीतबिंदूचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, आजार आहे आणि ‘जाळीवर वाढवलेल्या पेशी’ असे शब्द ज्यांनी बातम्यांत वाचले आहेत, त्यांनाही ही जाळी प्रत्यक्षात काय चीज आहे हे कळावे म्हणून काही गोष्टी मुळापासून सांगते.

आम्ही वाढवतो त्या पेशींना आरपीई (रेटिनल पिगमेंट एपिथेलियम) म्हणतात. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींच्या मागे, एकाच पेशीच्या जाडीचा, षट्कोनी फरश्या बसवाव्यात तसा हा काळसर तपकिरी थर असतो. प्रकाशग्राही पेशींच्या टोकांचा साधारण दहावा हिस्सा रोज गळून पडतो आणि तो गिळून पचवण्याचे काम या पेशी आयुष्यभर विनातक्रार करतात. वापरून झालेले अ जीवनसत्त्व पुन्हा कामाचे करून परत पाठवणे, मागच्या रक्तवाहिन्यांतून येणाऱ्या पदार्थांना नाक्यावर अडवून निवडकच आत सोडणे, हीदेखील त्यांचीच कामे. जन्मानंतर या पेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे ज्या मेल्या त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. वार्धक्यात पीतबिंदूचा जो कोरडा ऱ्हास होतो त्यात हा थर आधी विरतो आणि त्याच्या आधाराने जगणाऱ्या प्रकाशग्राही पेशी मागोमाग जातात. ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शने देऊन फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांना आवर घालता येतो, पण मेलेला थर इंजेक्शनाने परत येत नाही. म्हणून बाहेर तो थर वाढवून आत बसवण्याचा विचार पुढे आला.

आता जाळी कशासाठी? शरीरात हा थर ब्रुख पटल नावाच्या दोन ते चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या तंतुमय पडद्यावर बसलेला असतो आणि खालून त्याला अन्नपाणी मिळते. साध्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी वाढवल्या तर त्यांना फक्त वरूनच मीडिया, म्हणजे पोषक द्रव, मिळतो, खाली भिंत लागते, आणि आपली वरची बाजू कुठली व खालची कुठली हे त्या धडपणे ठरवू शकत नाहीत. निरोगी आरपीई पेशी व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्यांना पोसणारे प्रथिन मुख्यतः खालच्या बाजूला सोडतात आणि पीईडीएफ हे प्रकाशग्राही पेशींना जपणारे प्रथिन वरच्या बाजूला. ही दिशा बिघडली तर पेशी जिवंत असूनही निरुपयोगी. इन्सर्ट म्हणजे प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यामध्ये) लोंबकळत राहणारी बिनतळाची वाटी. तिच्या तळाशी सच्छिद्र पडदा ताणून बसवलेला असतो, वाटीत वरचा मीडिया आणि वाटीबाहेर खालचा. पेशींना दोन्हीकडून खायला मिळते आणि आम्हाला दोन्ही बाजूंचे मीडिया वेगवेगळे काढून तपासता येतात.

या कामासाठी बहुतेक जण कॉर्निंग कंपनीचे ट्रान्सवेल नावाचे इन्सर्ट वापरतात आणि आम्हीही अनेक वर्षे तेच वापरत आलो. पॉलिएस्टरचा दहा मायक्रॉन जाडीचा पारदर्शक पडदा, ०.४ मायक्रॉनची छिद्रे, बारा वेलच्या प्लेटसाठी १.१२ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ. ज्याच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवावा असे ते उत्पादन आहे आणि त्याविषयी माझी काही तक्रार नाही. तरीही तो पडदा सपाट आणि गुळगुळीत असतो. ब्रुख पटलाचा पोत तंतूंच्या विणीचा असतो. तोच पोत साधण्यासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखे पॉलिमर (एक प्रकारचे प्लास्टिक) विरघळवून, काही हजार व्होल्टच्या विजेच्या दाबाखाली सुईच्या टोकातून त्याची बारीक धार ओढली जाते; हवेतच द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर केसाच्या शंभराव्या हिश्शाइतके बारीक तंतू एकमेकांवर पडत जातात. म्हातारीचा कापूस बनताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सहज डोळ्यांसमोर येईल. काही संशोधक रेशमातील फायब्रोइन हे प्रथिन वापरूनही असे पडदे बनवतात, आणि ज्या धाग्याची पैठणी होते त्याच धाग्यातून डोळ्यातल्या पडद्याचा पर्याय निघू शकतो, ही गोष्ट मला अजूनही मनापासून आवडते.

डबीत बारा इन्सर्ट येतात, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेले. पॉलिकॅप्रोलॅक्टोन साठेक अंश तापमानालाच वितळते, त्यामुळे ते ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात) घालण्याचा प्रश्नच येत नाही. हा इशारा पाकिटावर ठळकपणे छापलेला नाही, तो छापायला हवा होता. पाकीट उघडल्यावर तळाचा पडदा पांढराशुभ्र आणि मऊ दिसतो. पहिल्या दिवशी मी सवयीने त्यावर थेट कोटिंगचे (पेशींना पकड देणाऱ्या थराचे) द्रावण सोडले आणि ते पाऱ्यासारखे गोळा होऊन वाटीच्या कडेला जाऊन बसले. हे पॉलिमर पाण्याला जवळ येऊ देत नाही. आधी ७० टक्के इथेनॉलने भिजवावे लागते, मग बफरने (क्षारांच्या सौम्य द्रावणाने) तीनदा धुवावे लागते, आणि या सगळ्यात पडदा एकदाही कोरडा पडू द्यायचा नाही. व्यवस्थित भिजला की पांढरा रंग जाऊन तो तेलकट कागदासारखा अर्धवट पारदर्शक होतो. एखादा ठिपका पांढरा राहिला तर तिथे हवा अडकली आहे असे समजावे, कारण त्या ठिपक्यावर पेशी हमखास धरत नाहीत. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने पहिल्या बारांपैकी पाच इन्सर्ट असेच वाया घालवले. दोष तिचा नव्हता. सोबतच्या पत्रकात या पायरीविषयी अवघी एक ओळ होती.

पेशी आम्ही गोठवलेल्या वायलमधून (छोट्या कुपीतून) घेतो. प्रौढ पेशी पुन्हा आरंभीच्या अवस्थेकडे वळवून तयार केलेल्या मूलपेशींपासून, म्हणजे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदरांत दाखवलेल्या पद्धतीच्या वाटेने, त्या घडवलेल्या असतात. एका इन्सर्टवर सुमारे दोन लाख पेशी पेरतो. लॅमिनिन या प्रथिनाचे कोटिंग केलेल्या नॅनोतंतूंवर दुसऱ्याच दिवशी पेशी ट्रान्सवेलपेक्षा अधिक संख्येने धरलेल्या आढळल्या. परंतु एवढ्यावर भाळून जाऊ नये. पहिल्या दिवशीची पकड म्हणजे वरातीतला उत्साह. संसार कसा होतो ते सहाव्या-आठव्या आठवड्यात कळते. पाचव्या आठवड्यात इन्सर्ट खिडकीकडे धरला तेव्हा तळावर चहाच्या डागासारखी फिकट तपकिरी झाक दिसली, सातव्यात ती चांगली गडद झाली. ट्रान्सवेलवर हाच रंग यायला आम्हाला साधारण दहा-बारा दिवस अधिक लागत असत. रंग आला म्हणजे पेशी प्रौढ होत आहेत, असा या कामातला ढोबळ हिशेब आहे.

खरी परीक्षा विद्युतरोधाची. थर सलग असेल आणि पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसल्या असतील तर वरून खाली वीज सहज जात नाही. चिमट्यासारख्या दोन इलेक्ट्रोडांपैकी एक वाटीत आणि दुसरा बाहेर बुडवून ओहममध्ये आकडा घ्यायचा, त्यातून पेशी नसलेल्या रिकाम्या इन्सर्टचा आकडा वजा करायचा आणि उरलेल्याला क्षेत्रफळाने गुणायचे. आठव्या आठवड्यात एका इन्सर्टवर ४३० आले, रिकाम्याचे १३०. उरले ३००, गुणिले १.१२ म्हणजे ३३६ ओहम-चौरस सेंटिमीटर. दोनशेच्या वर गेले की आम्ही सुटकेचा श्वास सोडतो. त्याच आठवड्यात त्याच वायलमधल्या पेशींचे ट्रान्सवेलवरचे आकडे अडीचशेच्या आसपास होते. येथे एक सावधगिरी सांगून ठेवते : इन्क्युबेटरमधून (पेशी उबदार ठेवणाऱ्या कपाटातून) काढलेली प्लेट थंड होत जाते तसा आकडा फुगत जातो, म्हणून प्रत्येक वेळी ठरावीक मिनिटे बाहेर ठेवूनच मोजावे, नाहीतर आपण पेशींचे नव्हे, वातानुकूलन यंत्राचे कौतुक करत बसतो.

या जाळीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे ती पूर्ण पारदर्शक नाही. ट्रान्सवेल साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की षट्कोनी फरसबंदी स्पष्ट दिसते. येथे तंतूंच्या गर्दीत पेशींच्या कडा हरवून जातात आणि रंगकण चढेपर्यंत नक्की काय चालले आहे हे समजत नाही. रोज डोळ्यांनी पाहून निर्णय घेण्याची सवय असलेल्यांची यात फार चिडचिड होते. शेवटी आम्ही प्रत्येक प्लेटमध्ये दोन इन्सर्ट बळी द्यायचे ठरवले : चौथ्या आठवड्यात एक आणि सहाव्यात एक काढून, पेशींच्या कडांवर असणाऱ्या झेडओ-१ या प्रथिनाला फ्लुरोसंट रंग लावून कडा तपासायच्या. खर्च वाढतो, पण इलाज नाही. गिळण्याच्या क्षमतेची चाचणी मात्र उत्तम झाली. त्यासाठी घणसोलीतल्या एका मटणवाल्याकडून सकाळी सातला बकऱ्याचे ताजे डोळे आणायचे, अंधुक लाल दिव्यात दृष्टिपटल वेगळे करायचे, साखरेच्या द्रावणात फिरवून प्रकाशग्राही पेशींची टोके निराळी काढायची आणि त्यांना हिरवा रंग लावून आमच्या पेशींना खाऊ घालायची, असा सारा खटाटोप आहे. ‘बाई, डोळ्यांचं करता तरी काय?’ असे मटणवाल्याने तीनदा विचारले. चौथ्यांदा त्याने डोळे वेगळ्या बर्फाच्या डब्यात स्वतःहून काढून ठेवले. नॅनोतंतूंवरच्या पेशींनी ही टोके चांगल्या भुकेने गिळली, ट्रान्सवेलवरच्या पेशींपेक्षा कमी तर नाहीच.

ज्यांना पुढे प्राण्यांवरील प्रत्यारोपणाचे काम करायचे आहे त्यांच्यासाठी पडदा कापून उचलता येतो का, हा प्रश्न महत्त्वाचा. आम्ही सहा मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून पाहिल्या. हे माप मनाने घेतलेले नाही. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातील चमूने ओल्या प्रकारचा तीव्र आजार असलेल्या दोन रुग्णांच्या डोळ्यांत बसवलेली पट्टी एवढीच होती, व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनाचे कोटिंग केलेल्या पॉलिएस्टरच्या पडद्यावर गर्भमूलपेशींपासून तयार केलेल्या आरपीई पेशींची. २०१८ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि वर्षभरानंतर नजर तपासण्याच्या तक्त्यावरची अनुक्रमे २९ आणि २१ अक्षरे अधिक वाचता आल्याची नोंद त्यात आहे. त्यांचे पॉलिएस्टर कडक असल्यामुळे उपकरणात धरायला सोपे, पण ते डोळ्यात कायम राहते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील चमूने पॅरिलीन या पदार्थाचा, काही ठिकाणी एका मायक्रॉनहूनही पातळ केलेला पडदा वापरून कोरड्या प्रकारातील रुग्णांचे पहिले निष्कर्ष मांडले. तोही न विरघळणाराच. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेत कपिल भारती यांच्या चमूने पीएलजीए या पॉलिमरचा विरघळणारा पडदा निवडला आणि २०२२ साली पहिल्या रुग्णाला त्याच्याच रक्तपेशींपासून घडवलेल्या पेशींची पट्टी बसवली. त्याआधी, २०१४ मध्ये, जपानमध्ये कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या चमूने कसलाही पडदा न घेता नुसत्या पेशींचा १.३ गुणिले ३ मिलिमीटरचा थर बसवला होता. दुधावरची साय चमच्याने अखंड उचलण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल त्याला त्या शस्त्रक्रियेतला हातखंडा कळेल. पेशी नुसत्या द्रवात मिसळून टोचण्याचा मार्गही जगभर अजमावला जातो आहे आणि आपल्याकडे बेंगळुरूची आयस्टेम ही कंपनी त्याच मार्गावर आहे. तिथे जखम लहान राहते, पण टोचलेल्या पेशी नीट एका थरात बसतील याची शाश्वती कमी.

ही सगळी उदाहरणे मनात ठेवून सांगायचे तर आमची जाळी मधल्यामध्ये अडकली आहे. कापताना ती चुरगळत नाही आणि कडेला तंतूंच्या दशाही फारशा सुटत नाहीत, पण चिमट्याने उचलली की ओल्या रुमालासारखी लोंबते आणि स्वतःवर दुमडते, तेव्हा दुमडलेल्या रेघेवरच्या पेशी खरवडल्या जातात. डबीवर जाडी २५ मायक्रॉन लिहिली आहे. ब्रुख पटलाच्या तुलनेत हे घोंगडेच म्हणायचे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन विरघळायला दोन वर्षांच्या वर वेळ लागतो. पीएलजीए लवकर विरघळते, पण विरघळताना आम्ल सोडते, तेव्हा त्यातही सगळे सुखच आहे असे नाही. प्लेटमध्ये पेशींना जे मानवते ते शल्यविशारदाच्या चिमट्याला आणि पुढे डोळ्याला मानवेलच असे नसते, आणि या उत्पादनाच्या माहितीपत्रकात या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबून ‘प्रत्यारोपणास सुयोग्य’ असे जे छापले आहे, ते मला मान्य नाही. ही प्रयोगशाळेतली वस्तू आहे आणि त्या मापाने ती चांगली आहे.

आता तक्रार. पहिल्या पाच डब्या एकाच लॉटच्या, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाच्या, होत्या आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत होते. सप्टेंबरात आलेली सहावी डबी नव्या लॉटची निघाली. पेशी धरल्या, पण सहाव्या आठवड्यातही रंग चढेना आणि विद्युतरोध नव्वदच्या पुढे सरकेना. आम्ही आधी स्वतःलाच दोष दिला : मीडिया बदलला, लॅमिनिन नवे मागवले, इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड तपासून घेतला. तीन आठवडे यात गेले. शेवटी जुन्या आणि नव्या लॉटच्या पडद्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रे बाहेरून काढून आणली, तेव्हा नव्या पडद्यावर तंतू जागोजागी एकमेकांत वितळून चिकटलेले आणि त्यांच्यावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या. तंतू ओढताना हवेतील दमटपणा बदलला तरी पोत बदलतो, हे या क्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक आहे. ठाणे खाडीच्या काठची जुलै-ऑगस्टमधली हवा कशी असते ते वेगळे सांगायला नको, आणि हा लॉट ऐन पावसाळ्यात बनल्याची तारीख डबीवरच होती. हा माझा अंदाज आहे, सिद्धता नव्हे.

वितरकाचे पहिले उत्तर ‘तुमच्या कोटिंगमध्ये दोष असेल’ असे आले. छायाचित्रे पाठवल्यावर स्वर नरमला आणि महिन्याभराने एक डबी बदलून मिळाली. प्रत्येक लॉटसोबत तंतूंच्या सरासरी व्यासाचे आणि एका छायाचित्राचे प्रमाणपत्र द्या, एवढीच आमची मागणी आहे. ती अजून मान्य झालेली नाही. ज्या वस्तूचा सगळा गुण तिच्या पोतात आहे, तिच्या पोताची हमी न देणे म्हणजे वजन न करता सोने विकणे. पुढच्या दोन डब्या ठीक निघाल्या, पण मनातली शंका गेली नाही. एका वायलची किंमत इन्सर्टच्या डबीपेक्षा कितीतरी अधिक असते आणि आठ आठवडे परत मिळत नाहीत.

येथे थोडे विषयाला धरूनच, पण प्रयोगशाळेबाहेरचे सांगते. मी नौपाड्यात राहते. आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून विचारले, ‘ताई, तुमच्याकडची ती जाळी आमच्या आईंच्या डोळ्यात बसवून मिळेल का हो?’ त्यांच्या हातात एका दवाखान्याचे पत्रक होते, ‘मूलपेशी इंजेक्शन’ असे लिहिलेले आणि दोन्ही डोळ्यांचा एकत्र दर छापलेला. मी त्यांना जिन्यातच सांगितले की आमच्याकडच्या पेशी माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेल्या नाहीत. असे उपचार सध्या मान्यताप्राप्त चाचणीतच मिळू शकतात आणि चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणीबाहेर डोळ्यांसाठी मूलपेशींचा असा वापर बसत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील एका दवाखान्यात तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या तथाकथित मूलपेशी टोचल्या गेल्या आणि तिघींचीही दृष्टी कायमची खालावली, हे २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापून आले आहे. ‘दोन्ही डोळे एकाच दिवशी’ असे कोणी म्हणाले की तिथून निघा, असे मी त्यांना सांगितले; प्रामाणिक चाचणीत आधी एकच डोळा घेतात, आणि तोही बहुधा अधिक खराब असलेला.

शेवटी खरेदीचे. रोजच्या औषध-चाचण्यांसाठी, जिथे पारदर्शकता आणि एकसारखेपणा महत्त्वाचा आहे, तिथे पॉलिएस्टरचे इन्सर्टच घ्यावेत. पेशी लवकर आणि अधिक प्रौढ हव्या असतील, ब्रुख पटलाच्या जवळ जाणारा पोत हवा असेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली रोज डोकावण्याची हौस आवरता येत असेल, तर या नॅनोतंतूंच्या जाळीला पाचपैकी साडेतीन गुण देईन. लॉटचे प्रमाणपत्र मिळू लागले तर चार. दहावी डबी मागवली आहे, मात्र मागणीपत्रावर लॉट क्रमांक आधी कळवण्याची अट घातली आहे. पहिल्या लॉटचे चार इन्सर्ट मी पाकीट न फोडता बाजूला ठेवले आहेत. नवी डबी आली की एकाच प्लेटमध्ये शेजारी शेजारी बसवून, एकाच वायलमधल्या पेशी दोन्हींवर पेरणार आहे.